जोडपट्टा

मी एक जुना जोडपट्टा आहे. मित्रांनो, नाव ऐकून तुम्ही बुचकळ्यात पडाल. विमानात प्रत्येक खुर्चीला कमरेचा पट्टा असतो, तो तुम्हांला ठाऊक आहे. तो पट्टा एखाद्या प्रवाशाला अपुरा पडला, तर त्याला पुढे जोडायचा हातभर लांबीचा तुकडा म्हणजे मी. माझ्या एका टोकाला पोलादी जीभ आहे, दुसऱ्या टोकाला झाकणाची कडी आहे. जीभ खुर्चीच्या कडीत गेली की ‘खट्’ असा आवाज होतो. माझ्या सगळ्या आयुष्याचे सार्थक त्या एका आवाजात आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे करड्या पट्टीचे भलेमोठे गुंडाळे होते आणि शिवणयंत्रांचा अखंड घोष चाललेला असे. एका पोक्त कारागिराने मला शिवले. दोन्ही टोकांना त्याने नागमोडी टाके घातले, एकावर एक, दुहेरी. मग आमची परीक्षा झाली. माझ्याच गुंडाळ्यातल्या एका भावाला यंत्राने दोन्हीकडून धरले आणि तुटेपर्यंत ओढले. तो काही केल्या तुटेना! शेवटी तुटला तेव्हा यंत्रावरच्या माणसाने नुसती मान डोलावली आणि आम्हा बाकीच्यांवर शिक्के मारले. भावा, तू गेलास म्हणून आमच्यावर विश्वास बसला. देवाघरी तुझी जागा पहिल्या रांगेत असेल.

मग मी विमानात आलो. वरच्या कप्प्यात, लहान बाळांच्या तरंगत्या जाकिटांशेजारी मला आणि माझ्या एका जोडीदाराला जागा मिळाली. सुरुवातीची वर्षे मोठ्या मजेची होती. एका पैलवानाच्या कमरेला मी होतो, दिवस भरत आलेल्या एका गर्भारशीच्या पोटाखालून गेलो. एका आचाऱ्याने तर मला थोपटून म्हटले, “चल गड्या, आपण दोघं मिळून एक होऊ!” मी फुशारलो. वाटले, आपल्याला कोण नको म्हणणार?

पण मित्रांनो, गर्वाचे घर खाली असते, आणि माझे घर तर वरच्या कप्प्यात होते.

एके दिवशी तेराव्या रांगेतल्या एका बाईंनी हळूच मला मागितले. त्या दिवशी कामाला एक नवखा सेवक होता. त्याला रांग आठवेना. त्याने मला दोन्ही हातांनी ताणून डोक्यावर धरले आणि पहिल्या रांगेपासून ओरडत निघाला, “जास्तीचा पट्टा कुणाला हवा होता? जास्तीचा पट्टा?” सगळ्या माना वळल्या. कुणीतरी म्हणाले, “अहो, दोरखंडच आणा!” हशा पिकला. मी त्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडलो. त्यांनी मला जोडले, तेव्हा त्यांचे बोट मला लागले. डाव्या हाताची तर्जनी, सुईने टोचून टोचून टोकाला कठीण झालेली. शिवणकाम करणारीचे बोट होते ते. पूर्ण प्रवासात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. विमान उतरताच त्यांनी मला खुर्चीच्या खिशात खुपसले आणि मान खाली घालून निघून गेल्या. अकरा दिवस मी त्या खिशात बिस्किटांच्या कागदांत पडून होतो. कुणाला माझी आठवण झाली नाही. त्या अकरा दिवसांत मला कळले, की वस्तू चांगली असून भागत नाही, ती देणारा हातही चांगला लागतो.

त्यानंतर नऊ वर्षे गेली. तो नवखा सेवक कामात कधी मुरला, कधी सोडून गेला, मला कळलेही नाही. आमच्या विमानावर मुख्य सेविका म्हणून एक मध्यमवयीन बाई आली. तिची रीत निराळी होती. ती मला कधी लटकत नेत नसे. घट्ट गुंडाळून मुठीत धरायची, आणि गप्पा मारता मारता प्रवाशाच्या हातात ठेवायची. जसा कुणी प्रसाद ठेवावा.

आता माझ्या गोष्टीचा गाभा ऐका.

एका सकाळी विमान भरत होते. दार बंद व्हायला थोडाच वेळ होता. मुख्य सेविका पट्टे पाहत पाहत आली आणि बाराव्या रांगेपाशी थबकली. मधल्या वाटेकडच्या खुर्चीवर एक चांगल्या भरदार अंगाच्या बाई बसल्या होत्या. सैल, सुती, अंगाला कुठेही न काचणारा झगा त्यांनी स्वतःच बेतलेला दिसत होता. त्यांच्या कमरेला जोडपट्टा होता. पण तो आमच्यातला नव्हता!

“मावशी, हा पट्टा कुठला?” सेविकेने खाली बसून, त्यांच्या कानाशी विचारले.

“माझा आहे. मी घरी शिवलाय,” मावशी ताठ मानेने म्हणाल्या. “मोटारीचा जुना पट्टा आणला, तशीच दिसणारी कडी आणली. कुणापुढे हात पसरायला नको.”

सेविकेने टाका निरखला. “मावशी, काय देखणं काम आहे हो! पण हा मी चालू देऊ शकत नाही. याची परीक्षा झालेली नाही.”

“परीक्षा? तीस वर्षं शिवतेय मी. माझा टाका आजवर उसवलेला नाही.”

“टाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आभाळातल्या हिसक्यावर नाही. आपला जोडपट्टा देते मी.”

मावशींचा चेहरा पडला. “मग मी उतरते,” त्या म्हणाल्या आणि खरेच पिशवी उचलू लागल्या. “मागे एकदा तुमचा पट्टा घेतला होता, अख्ख्या विमानानं माझं माप काढलं. तेव्हापासून विमानाची पायरी चढले नाही. आज लेकीसाठी चढले. तिचे दिवस भरलेत, पहिलं बाळंतपण आहे, तिथं तिचं कुणी नाही. पण तो तमाशा पुन्हा नको गं, पोरी.”

मित्रांनो, वरच्या कप्प्यात माझा जीव कासावीस झाला. पुढचे विमान तीन दिवसांनी होते. तोवर लेकीचे काय?

खिडकीशी एक काटकुळे म्हातारे घड्याळजी बसले होते. ते म्हणाले, “ताई, उतरू नका. मधली खुर्ची रिकामी आहे आणि माझी तर अर्धीच भरते. तुम्ही गेलात तर एवढ्या जागेत मी हरवून जाईन.”

मावशींना हसू आले, पण पिशवी खाली ठेवली नाही. सेविका उठून पुढे गेली. आली ती रिकाम्या हाताने आल्यासारखी. मावशींच्या ओंजळीत मूठ उघडली, आणि मी तिथे उतरलो.

ते बोट! डाव्या हाताची कठीण तर्जनी! मी तत्क्षणी ओळखले. देवा, नऊ वर्षांनी पुन्हा तोच हात, आणि या खेपेला मला लाज राखायची होती.

“आता तुम्हीच याची परीक्षा घ्या,” सेविका म्हणाली. “कारागीर आहात. नापास केलात, तर पिशवी मी स्वतः दारापर्यंत आणते.”

मावशींनी चष्मा नाकावर घेतला. मला उलगडले, उलटे केले, टाक्यांवरून नख फिरवले, एका इंचात टाके किती ते मोजले. मग दोन्ही टोके धरून जोरकस हिसका दिला. मी दम धरून राहिलो. तो पोक्त कारागीर आठवला, तुटलेला भाऊ आठवला.

“शिवणाऱ्यानं लबाडी केलेली नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “दुहेरी घातलाय. मी एकेरीच घातला होता.”

खट्!

विमान आभाळात चढून स्थिर झाले, तशी सेविका परत आली. खुर्चीच्या वाटेकडच्या हाताखाली बिजागरीपाशी एक चोरकळ असते, ती दाबून तिने तो हात वर केला. “उतरताना खाली घ्यायचा हं,” ती म्हणाली. मधला हात घड्याळजींनी उचलला. मावशी ऐसपैस बसल्या.

“आणि मी वेडी,” त्या घड्याळजींना सांगू लागल्या, “महिनाभर घरी दोन लोखंडी पेट्यांच्या मध्ये खुर्ची ठेवून अंग चोरायचा सराव केला. रोज अर्धा तास!”

“जमला का?”

“छे! पेट्याच सरकल्या.”

दोघे खो खो हसले. त्या दिवशी मावशी पोटभर जेवल्या, पाणी प्यायल्या, दोनदा वाटेतून फेरफटका मारून आल्या. मग झगा नीट करत म्हणाल्या, “काका, गिऱ्हाइकाला कपडा आखूड झाला तर मी गिऱ्हाइकाला कधी बोल लावत नाही, कपड्याला जोड देते. देवानं माणसं घडवली तेव्हा त्याच्या गळ्यात टेप नव्हती. मग मीच का नऊ वर्षं मान खाली घालून फिरले?”

घड्याळजींनी आपली उशी मावशींच्या पाठीशी सरकवली.

दोन महिन्यांनी त्याच मावशी परतीला निघाल्या. या खेपेला त्या दारातच थांबल्या. मुख्य सेविकेला त्यांनी आधी बाळाचे छायाचित्र दाखवले. नात झाली होती, आणि आजी तिच्या आधी दोनच दिवस पोचली होती! मग पिशवीतून त्यांनी बाळाच्या झबल्याच्या उरलेल्या पिवळ्या कापडाची एक थैली काढली.

“ही तुमच्या पट्ट्यांना. लपवायला नाही हो! कप्प्यात हात घातला की पटकन सापडावी म्हणून पिवळी. आणि आता माझा जोडपट्टा द्या, बारावी रांग, वाटेकडची खुर्ची.”

हे त्या मुठीत मावेल अशा आवाजात बोलल्या नाहीत. चारचौघांत, भाजी मागावी तसे बोलल्या. कुणी हसले नाही. त्यांच्या मागे एक गलेलठ्ठ तरुण मघापासून कोटाची बटणे ओढत उभा होता. त्याने मावशींकडे पाहिले, घसा साफ केला आणि म्हणाला, “एक मलाही द्या.”

माझा जोडीदार कित्येक महिन्यांनी उजेडात आला.

मित्रांनो, आता मी त्या पिवळ्या थैलीत राहतो. माझा रंग विटला आहे. ठरलेली वर्षे भरली की मला कामावरून उतरवतील, त्याचे मला दुःख नाही. माझे मागणे एवढेच: तुमच्यापैकी कुणी उद्या विमानात सेवेला लागलात, तर मला मुठीतून न्या. कुणी प्रवासी म्हणून आलात आणि पट्टा अपुरा पडला, तर श्वास रोखून बसू नका, दारातच मला मागा. आणि शेजारच्या खुर्चीवर कुणी मला जोडताना दिसले, तर थोडे सरका, खुर्चीचा हात वर करा, आणि विचारा, “जमलं का?”

मग ऐका. ‘खट्’ होईल. तो मीच.