भिंतीवर उलटे शिपाईमामा

"बाई, आज तरी होणार ना?" वर्गात पाऊल टाकायच्या आतच भिंगरीनं मला गाठलं.

आमच्या वर्गाला पटांगणाकडे उघडणारी एकच खिडकी. तिला काळा पुठ्ठा लावायचा, पुठ्ठ्याला बारीक भोक पाडायचं आणि वर्गात अंधार करायचा, की बाहेरचं चित्र समोरच्या भिंतीवर उमटतं. कल्पना भिंगरीची, पुठ्ठाही तिचाच. पण पटांगणात ऊन माझ्या तासापुरतंच असतं, आणि तो तास आठवडाभर कुणी ना कुणी खात होतं. हजेरी, वह्यांचं वाटप, शिपाईमामांच्या सूचना. पुठ्ठा काढेपर्यंत घंटा! उद्या वर्ग मागच्या खोलीत हलणार, तिथे खिडकीसमोर नुसती भिंत. आज नाही तर कधीच नाही.

"होणार. पण वेळ कुठून आणायचा?"

"आणलाय!" वह्या आधीच बाकांवर वाटून झाल्या होत्या. "आणि हजेरीला रिकामी जागा तेवढी बघा. फक्त गप्प्या आलेला नाही."

"आलोय की!" बाकाखालून आवाज आला. "चिकटपट्टी शोधतोय."

खिडकीला भोकाचा पुठ्ठा, दार बंद. मिट्ट काळोख.

"काहीच दिसत नाही."

"डोळ्यांना सवय तर होऊ दे," मी म्हटलं.

मग भिंतीवर हळूहळू झाड उगवलं. शेंडा खाली, बुंधा वर!

"बाई, वरून कुणीतरी चालतंय!"

पाय वर, टोपी खाली, हातात कागद.

"शिपाईमामा!" वर्ग खिदळला. भिंगरी मात्र रडवेली झाली. "इकडेच येतायत. सूचना! संपलं सगळं."

दार उघडलं, उजेड घुसला, झाड पुसलं गेलं.

"अंधारात काय चाललंय? बाई, सही करा."

"मामा, तुम्ही भिंतीवर उलटे चालत होता!" भिंगरी म्हणाली.

"म्हाताऱ्याची चेष्टा करतेस होय गं?"

"खरंच! दार लावा, दाखवते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. कागद खिशात घातला, दार लावलं आणि मागच्या बाकावर टेकले.

"अरेच्चा! माळ्याची पानांनी भरलेली ढकलगाडी उलटी, आणि एक पान सांडत नाही! असं कसं?"

भिंगरी भिंतीपाशी धावली. "उजेड सरळच जातो, मामा. वरचा भोकातून खाली येतो, खालचा वर जातो."

"पुन्हा सांग. सावकाश."

तिनं पुन्हा सांगितलं. मग गप्प्यानं, मग सगळ्यांनी एकदम.

"घंटा कशी झाली नाही अजून?" गप्प्या कुजबुजला.

भिंगरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. घंटा देणारे मागच्या बाकावर मान वाकडी करून माळ्याला सुलटा बघायला धडपडत होते.