भर उन्हातला खोटा आकडा

मित्रांनो, बंदुकीतून सुटलेली गोळी किती वेगाने जाते ते सांगणारा मी एक म्हातारा वेगमापक. दुकानात मला क्रोनोग्राफ म्हणत. माझ्या पाठीवर हातभर अंतराने दोन काचेचे डोळे आहेत आणि ते कायम आभाळाकडे पाहतात. गोळी वरून गेली की ती आधी पहिल्या डोळ्याला काळ्या ठिपक्यासारखी दिसते, मग दुसऱ्याला. मधला वेळ मी मोजतो आणि आकडा दाखवतो. आयुष्यभर मी एवढेच केले आणि खरे तेच सांगितले. फक्त एका उन्हाळ्यात माझ्याकडून खोटे वदवून घेतले गेले. त्याची शिसारी आजही माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा पहिला धनी एल्डन प्रुएट. नेवाडाच्या खारट, ओसाड मुलखात त्याने तीस वर्षे शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. तो आपली काडतुसे घरीच भरी. पितळी पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. हे काम करताना तो रेडिओसुद्धा बंद ठेवी. मैदानावर आला की मला बंदुकीच्या तोंडापासून पंधरा फुटांवर तिपाईवर बसवी, पातळी बघे आणि दोन्ही डोळ्यांवर माझ्या पांढऱ्या टोप्या चढवी. त्या अर्धपारदर्शक टोप्यांमुळे माझ्या डोळ्यांना वर सगळीकडे सारखा पांढरा उजेड दिसे आणि त्यावर गोळीचा ठिपका स्पष्ट उमटे. काम झाले की तो मला मऊ फडक्याने पुशी. त्या दिवसांत मला कशाचाच वीट येत नसे.

मग एल्डनने मला रॉइसला वापरायला दिले.

रॉइस गुंडलाक हा एल्डनच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्नाचा, नवरा. माणूस तोंडाने मोठा. एल्डनला त्याच्या शिस्तीवरून तो ‘हेडमास्तर’ म्हणे. आपली बंदूक हेडमास्तरच्या बंदुकीपेक्षा वेगवान आहे, हे त्याने गावातल्या खानावळीत इतक्या वेळा सांगितले होते की आता सिद्ध करणे भाग होते.

त्याच्या घरी गेलो आणि माझी दुर्दशा झाली. तो मला ट्रकच्या मागच्या उघड्या भागात फेकी. तंबाखू चघळून शेजारच्या डब्यात थुंके आणि निम्मी पिंक माझ्या अंगावर येई. ती पुसायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत. माझी एक टोपी त्याने कुत्र्याला पाणी पाजायला घेतली. दुसरीत त्याने एकदा चिली, म्हणजे राजमा-खिम्याचे तिखट कालवण, वाढून घेतली, आणि तो लाल रस्सा, राजम्याची सालपटे तिच्यात तशीच वाळून घट्ट झाली. आठवडाभर त्यावर माश्या घोंगावत होत्या. नंतर ती ट्रकच्या चाकाखाली फुटली. मला त्या माणसाची किळस आली, ती तेव्हापासून.

जुलैमधल्या एका दुपारी त्याने मला पांढऱ्या खारट मैदानावर मांडले. मांडले म्हणजे काय, वाकड्या स्टुलावर ठेवले. व्हर्ना मागे ट्रकच्या सावलीत बसली होती.

“टोप्या कुठायत रे त्याच्या?” तिने विचारले.

“टोप्या बाळांना घालतात,” रॉइस म्हणाला. “ऊन भरपूर आहे. लख्ख दिसेल त्याला.”

मित्रांनो, लख्ख काहीही दिसत नव्हते! सूर्य थेट माझ्या डोळ्यांत घुसत होता. खालची पांढरी जमीन आरशासारखी तळपत होती आणि तिची चकाकी गोळीच्या तांबे मढवलेल्या पोटावर पडत होती. काळा ठिपका दिसायचा तिथे लखलखाट. पहिल्या डोळ्याला गोळीचे टोक कसेबसे दिसे, दुसऱ्याला मात्र तिचे बूड तेवढे दिसे. त्यामुळे मधला वेळ जास्त भरे आणि वेग कमी निघे. कधी मला काहीच दिसत नसे आणि माझा आकड्यांचा पडदा कोरा राही. कोरा पडदा खरा होता. पण तो रॉइसला नको होता.

“सेकंदाला दोन हजार सहाशे दहा फूट?” तो ओरडला. “एल्डनची सत्तावीसशे चाळीस जाते! दारू कमी पडतेय.”

घरून आणलेला तराजू त्याने ट्रकवर मांडला आणि पुढच्या काडतुसात दारू वाढवली. मला पुन्हा चुकीचे दिसले. त्याने पुन्हा वाढवली. वारा होता, तराजूचा काटा हलत होता, तो बोटाने धरून ठेवत होता. मी पाहत होतो आणि मला ओरडता येत नव्हते.

व्हर्ना उठून आली. तिने खाली पडलेली एक रिकामी पुंगळी उचलली. “हे बघ, हिच्या बुडाची टोपी दाबाने चपटी झालीय, पार पैशासारखी. आणि मघाशी बंदुकीच्या मागचा बोल्ट अडकला, तो उघडायला तू लाकडी हातोडा मारलास. दादागिरी लोखंडावर चालत नाही, रॉइस. बस झालं.”

“तुझा भाऊ बोलतोय तुझ्या तोंडून.”

“माझा भाऊ असता तर त्याने तुझ्या हातातून बंदूक काढून घेतली असती.”

“आकडा बघ ना! आकडा म्हणतोय अजून जागा आहे!”

आकडा. म्हणजे मी. माझ्या पडद्यावरच्या त्या खोट्या आकड्याकडे बोट दाखवून त्याने आणखी दारू घालून पुढचे काडतूस भरले आणि चाप ओढला.

आवाज वेगळाच आला. कोरडा आणि फाटका. बोल्टच्या बाजूने धुराचा लोट उसळला आणि रॉइस बंदूक टाकून गुडघ्यांवर बसला. पुंगळी फुटली होती. पितळेचे बारीक कण त्याच्या गालात आणि उजव्या डोळ्यात शिरले होते. व्हर्नाने त्याचे डोके मांडीवर घेऊन डोळ्यावर बाटलीतले पाणी ओतले, मग त्याला ट्रकमध्ये ढकलले आणि दवाखाना गाठायला ऐंशी मैल एका दमात गाडी हाकली. मी त्या स्टुलावरच राहिलो, संध्याकाळी कोणीतरी मला उचलून रॉइसच्या घरी टाकेपर्यंत, पडद्यावर तो खोटा आकडा घेऊन. त्या दिवशी मला स्वतःचीही किळस आली.

डोळा वाचला, पण त्याने धूसरच दिसते. खानावळीत रॉइस सगळ्यांना सांगू लागला, “यंत्र बिघडलेलं होतं. हेडमास्तरने मुद्दाम खटारा गळ्यात मारला.” लोकांनी माना डोलावल्या. एकानेही विचारले नाही, की बाबा, टोप्या कुठे होत्या?

एल्डनने हे ऐकले. तो भांडला नाही. मला रॉइसकडून परत आपल्या घरी नेऊन त्याने आधी माझ्या अंगावरची थुंकी धुतली. बॅटरीच्या खणात पांढरा खार साचला होता, तो खरवडला, नवी बॅटरी घातली. गेलेल्या टोप्यांऐवजी दुधाचा पांढरा प्लास्टिकचा कॅन कापून दोन छपरे केली. बाजूने ऊन येऊ नये म्हणून पुठ्ठ्याचे खोके दोन्ही टोकांनी उघडे करून माझ्याभोवती बसवले.

सप्टेंबरमध्ये, भर दुपारी, त्याच मैदानावर त्याने मला मांडले. खानावळीतले चार जण आले होते. व्हर्नाने रॉइसलाही आणले होते.

एल्डनने आधी दुकानातली छोटी काडतुसे उडवली. त्यांचा वेग डबीवरच छापलेला असतो. मी जवळपास तेवढाच सांगितला. मग त्याची स्वतःची दहा काडतुसे. सत्तावीसशे चाळीस, सत्तावीसशे छत्तीस, सत्तावीसशे त्रेचाळीस. सूर्य तोच, जमीन तीच, पण खोक्यातल्या त्या सावलीत प्रत्येक गोळी माझ्या दोन्ही डोळ्यांना काळी कुळकुळीत दिसत होती.

“आता तुझी,” एल्डन म्हणाला. “जुलैत पहिली उडवलीस ना, तेवढ्याच दारूची.”

“माझी बंदूक मोडलीय.”

“नळी शाबूत आहे. बोल्ट मी बदललाय. मी उडवतो, आकडा तू वाच.”

गोळी गेली. रॉइस डाव्या डोळ्याने वाकून बघत राहिला.

“किती?” मागून कोणीतरी विचारले.

व्हर्ना म्हणाली, “वाच की मोठ्यांदा. खानावळीत बरा आवाज फुटतो तुला.”

“सत्तावीसशे ऐंशी,” तो शेवटी म्हणाला.

म्हणजे जुलैतल्या त्या दुपारी पहिल्याच गोळीला तो एल्डनच्या पुढे होता. आणखी चिमूटभरही दारू लागत नव्हती. एल्डनने टोपी काढून कपाळ पुसले. मला वाटले, आता हा माणूस एक शब्द तरी चांगला बोलेल.

रॉइस कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “बरं झालं, दुरुस्त करून घेतलंस ते.”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी असेल; एखादा तराजू, एखादा तापमापक, एखादे घड्याळ. त्याला झाका, पुसा, नीट बसवा. त्याने उत्तर दिले नाही तर थांबा, मारून मुटकून हवा तो आकडा काढू नका. आणि रॉइस भेटला तर त्याला माझ्यातर्फे एवढेच सांगा. मला कुणीही दुरुस्त केले नव्हते. मला फक्त सावली दिली होती.