एकच आवाज मावणारा भोंगा

मित्रांनो, भाजीच्या हातठेल्याच्या दांडीला सुतळीने आवळून बांधलेला तांबड्या तोंडाचा भोंगा तुम्ही अनेकदा पाहिला असेल. आर्वीच्या एसटी डेपोमागील वसाहतीत असा जो एक भोंगा सकाळी आठपासून गल्लोगल्ली फिरतो, तोच मी. माझा तांबडा रंग आता उडाला आहे, कडेला एक तडा गेला आहे, आणि बंद करून ठेवले तरी माझ्या अंगात बारीक खरखर चालूच असते. स्वस्थ राहणे मला जमत नाही. तुम्हाला हे सारे सांगण्याचे कारणही तेच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेथे आम्हा शेकडो भावंडांच्या पोटात एकेक लहानशी पट्टी बसवण्यात आली. त्या पट्टीवर एकच आवाज मावतो. पाठीवरची लाल कळ दाबून कोणी बोलले की ते बोलणे आत जाते, आणि पुन्हा कोणी ती कळ दाबून बोलले की पहिले बोलणे कायमचे पुसले जाते. स्वतःचा असा शब्द मला नाही. जो भरला जाईल तोच मी दिवसभर ओरडतो. या गोष्टीचा मला पूर्वी अभिमान वाटे. सांप्रत भय वाटते.

मला विकत आणले रूपालीने. तिची सासू मनकर्णाबाई पहाटेच्या हर्राशीतून, म्हणजे भाजीच्या लिलावातून, माल उचलून ठेला भरीत असे आणि उघड्या गळ्याने हाका देत वसाहतीत फिरत असे. वीस वर्षे ओरडून तिचा गळा खरवडून निघाला होता. डॉक्टरांनी गळ्याला विसावा देण्यास सांगितले होते. रूपालीने मला अंगणात बाजेवर ठेवले व म्हणाली, "आई, बोला याच्यात."

"याच्यात? हे मले ओरडन काय वं?"

"नाई ओरडत. तुमीच ओरडा."

मनकर्णाबाईने पदर सावरला, जणू समोर चार माणसे बसली आहेत. मग एका दमात म्हणाली, "आलूऽ, कांदेऽ, वांगे, भेदरं घ्याऽ, मुंगन्याच्या शेंगाऽ, सांबार घ्या वं बाई, ताजा सांबाऽर!" आणि शेवटी, कळ सोडायच्या आधी, लाजून हसली. ते हसूही माझ्या पोटात गेले.

तीन वर्षे मी ते घेऊन फिरलो. रस्त्याच्या खड्ड्यात ठेला आदळे, माझे तोंड कधी आभाळाकडे तर कधी नालीकडे वळे, पण हाक चुकली नाही. कोपऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच दारे उघडत. बायका ताटल्या, पिशव्या घेऊन उभ्या राहत. शकुंतलाबाई नावाची एक ठेंगणी, बोलघेवडी गिऱ्हाईक होती. ती म्हणे, "मनकर्णे, तू घरी निजली असशीन तरी तुहा आवाज गल्लीत फिरते. मरशीन तवाही सांबार इकशीन!" मनकर्णाबाई खुदकन हसे आणि सांबाराच्या दोन काड्या जास्त टाकी.

यंदा हिवाळ्याच्या तोंडावर वसाहतीतील पिवळ्या घरात भूपेंद्रसाहेब राहावयास आले. ते परप्रांतातले. एका खाजगी गोदामाचे व्यवस्थापक. सोबत वृद्ध आई. मराठी भाषा त्यांनी संध्याकाळच्या वर्गात बसून, परीक्षा देऊन आत्मसात केली होती. प्रमाणपत्राची चौकट त्यांच्या दर्शनी भिंतीवर होती, फाटकातूनही दिसे. त्यांनी कष्ट घेतले होते यात यत्किंचितही शंका नाही. फक्त एक 'ळ' तेवढा त्यांच्या जिभेवर उतरत नसे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ठेला थांबवला.

"अहो बाई, हे सांबार सांबार काय लावलंय?"

"हा काय जी, ताजा हाये." मनकर्णाबाईने जुडी झटकून दाखवली.

"याला कोथिंबीर म्हणतात. सांबार इडलीबरोबर खातात. तुमची मातृभाषा मराठीच ना?"

"हाव जी."

"हाव नाही. हो! हो म्हणा. आलू हा हिंदी शब्द. मुंगना नाही, शेवगा. आणि भेदरं? टोमॅटोला भेदरं कुठल्या पुस्तकात म्हटलंय, दाखवा मला. मी बाहेरून येऊन शिकलो. तुम्हाला इथे जन्मून येत नाही? तुमच्यामुले भाषा बिघडते."

चार-पाच बायका उभ्या होत्या. कोणी वांगे चाचपत राहिली, कोणी पिशवीची गाठ सोडत राहिली. मनकर्णाबाईच्या हातातील जुडीतून पाणी ठिबकत होते. ती म्हणाली, "आमी तं असंच म्हनतो जी."

"म्हणूनच तर. थांबा, मी करून देतो." एवढे बोलून त्यांनी, ती हो-नाही म्हणण्यापूर्वीच, माझी लाल कळ दाबली.

मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन मला नीट करता येत नाही. तीन वर्षांची हाक आणि तिच्या शेवटचे ते हसू एका दमात गेले, आणि तेथे घोगरा, रेखीव, पाठ केलेला आवाज येऊन बसला: "ताजी कोथिंबीर. बटाटे. टोमॅटो. शेवग्याच्या शेंगा. कोवली गवार. पांढरा मुला. घ्या, ताजा पांढरा मुला."

संध्याकाळी रूपालीने मला सुरू केले आणि दचकली. "आई, तुमचा आवाज कुठी गेला?"

"जाऊ दे वं. शिकलेला मानूस हाये तो. आपलंच बोलनं बरोबर नसन."

"साठ वर्स बरोबर होतं, आन आज काऊन नाई?"

मनकर्णाबाईने मला उचलून खुंटीवर टांगले. त्या दिवसापासून ती उत्तर देईनाशी झाली. बायकांनी भाव विचारला की आकडा तेवढा सांगे. सुखदुःख विचारले की "हूं" म्हणे. घरी चुलीपाशी रूपालीला म्हणाली, "चटनीत थोडा सां..." आणि थांबली. "थोडी कोथ..." पुन्हा थांबली. मग म्हणाली, "हिरवं टाक काईतरी." रूपाली पाट्यावर हात तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. खुंटीवर टांगलेला मी हे ऐकत होतो. माझ्या पोटातला आवाज परका होता म्हणून मी बेचैन होतो. परंतु जिचा आवाज तिच्याच पोटात कोंडला होता, तिची रात्र कशी जात असेल?

ठेल्याकडे येणाऱ्या बायका कमी झाल्या. ओळखीची हाक नाही, म्हणून दारे उघडेनात. पंधरा दिवसांनी मात्र दारे दुसऱ्याच कारणाने उघडू लागली. सुरुवात शकुंतलाबाईने केली.

"वं मनकर्णे, पांढरा मुला कसा किलो? माह्या घरी दोन हायेत. एक वापस घेशीन काय?"

गल्ली खदखदून हसली. बिचारा मुळा जुडीत बांधलेला तसाच पडून होता. मग जो तो विचारू लागला. मुला कोवळा आहे काय, मुला रडतो काय, मुला दोन वेळा जेवतो काय. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मलाही आनंद झाला. ज्याने माझे पोट रिकामे केले, त्याची फजिती मीच माझ्या तोंडाने दर वीस सेकंदांनी करीत होतो. त्या दिवसांत मी जरा जास्तच मोठ्याने वाजलो, हे कबूल केले पाहिजे. मनकर्णाबाई मात्र हसत नव्हती. ती ठेला भरभर ढकलू लागली, एका जागी थांबेना.

एका रविवारी सकाळी पिवळ्या घरासमोर आदेश नावाच्या जवान पोराने ठेला अडवला. तो तिथलाच, मोटारसायकलवर फिरणारा, तोंडाचा फटकळ. त्याने मला दांडीवरून सोडवले, माझे तोंड साहेबांच्या दाराकडे केले आणि आवाजाचे चाक शेवटपर्यंत फिरवले. "ताजा पांढरा मुला! ताजा पांढरा मुला!" लोक गोळा झाले. प्रत्येक वेळी सगळे मिळून "मुला!" म्हणून ओरडत.

भूपेंद्रसाहेब फाटकात आले. वर गच्चीत त्यांची आई येऊन उभी राहिली. तिला मराठी येत नव्हते. आपल्या लेकाचाच आवाज रस्त्यावर का वाजतो आहे आणि माणसे त्याला का हसत आहेत, हे तिला कळेना. ती कठडा धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती.

"बंद करा ते," साहेब म्हणाले. "मी... मी मुला म्हणालो नाही. मी मु..." त्यांनी थांबून जीभ वळवली, पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा 'मुला'च बाहेर पडले.

हशा उसळला. आदेश म्हणाला, "बोला साहेब, ळ! बाळाचा ळ! आमी इथंच जन्मलो, आमाले येते. तुमी तं पास झालते नं?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांचे डोळे गच्चीकडे गेले आणि लगेच खाली आले. माझ्या अंगातली खरखर एकाएकी मलाच सहन होईना. मी थांबू पाहत होतो; पण थांबणे भोंग्याच्या हाती नसते.

तेव्हा मनकर्णाबाईने आदेशच्या हातातून मला हिसकावले व बंद केले.

"पुरे झालं रे आदेश."

"आजी, यानंच तं बोललं तुमाले! चार बायकांत बोललं!"

"बोललं. लय लागलं मले. लागलं म्हनूनच समजते." तिने गच्चीकडे हात केला. "ते पाह्य वरती, माय पाहून राह्यली त्याची. त्यानं आपली बोली शिकाले दोन वर्स घातली असतीन. तू कोनाची शिकला? आँ?"

आदेशने नजर चुकवली. लोकही इकडेतिकडे पाहू लागले. रस्त्यावर अशी शांतता पसरली की मला माझीच खरखर ऐकू आली. त्या शांततेत मनकर्णाबाईने मला ठेल्यावर पालथे ठेवले, ठेल्याची दांडी धरली, मान वर केली, आणि डॉक्टरांनी जपायला सांगितलेल्या त्या फाटक्या गळ्याने हाक दिली: "सांबार घ्या वं बाऽई, ताजा सांबाऽर!"

आवाज मध्येच चिरला. ती खोकली. पुन्हा म्हणाली. पलीकडच्या गल्लीतले एक दार उघडले, मग दुसरे.

त्याच संध्याकाळी अंगणात तिने स्वतः माझी लाल कळ दाबली आणि मला पुन्हा भरले. आता माझ्या हाकेत मध्येच एक खोकला आहे. जुने हसू परत आले नाही. गेलेले माझ्या पोटात परत येत नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. ज्याच्या आईने त्याला जो शब्द दिला, त्या शब्दावरून त्याला भर रस्त्यात अडवू नका. आणि ज्याने परक्या अंगणात येऊन तुमचा शब्द उचलला, त्याची जीभ अडखळली तर टाळ्या पिटू नका. ठाऊक नसेल तर विचारा. सांगावेसे वाटलेच, तर हळू सांगा. माणूस एकदा मुका झाला की त्याला बोलते करणे फार कठीण असते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. मी खुंटीवरून पाहिले आहे.

उपदेश पुरे. त्या सकाळचा शेवट तेवढा सांगायचा राहिला.

गर्दी पांगल्यावर भूपेंद्रसाहेब ठेल्याजवळ आले. त्यांनी काही न बोलता बोटाने एका जुडीकडे दाखवले.

"बोटानं नोका दाखवू साहेब," मनकर्णाबाई म्हणाली. "बोला."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बोला जी. काय देऊ?"

ते एक पाऊल पुढे सरले. मग अगदी हळू, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मुला."

मनकर्णाबाईने पाण्यात भिजवलेला पांढराशुभ्र मुळा उचलला, पाला झटकला आणि विचारले, "किती जुड्या?"