अकोल्याचं राही

आबासाहेबांची दाढ दुखत होती, तरी दवाखान्यातल्या खुर्चीवर बसताच त्यांनी आधी खिशात हात घातला.

"डॉक्टर, दाढ राहू द्या. हे बघा."

भूमापन खात्यातून निवृत्त झालेल्या आबासाहेबांना जुन्या फाउंटन पेनांचा नाद आहे, हे सावेडीच्या डॉक्टर इन्शाला ठाऊक होतं. पण आज ते फारच उतावीळ दिसत होते. त्यांच्या हातात एक काळंभोर, बोटाएवढं जाड पेन होतं. केडगावच्या भंगारवाल्याकडे पितळेच्या ढिगात सापडलेलं. टोपण घट्ट बसत होतं, निब शाबूत होती, झरझर लिहीत होती. पण ते कोणी बनवलं, हे काही केल्या कळत नव्हतं. नळीवर कोरलेलं नाव हाताळून हाताळून झिजलं होतं. भिंगातून पाहिलं तरी दोन उभ्या रेघा तेवढ्या दिसायच्या.

"आमच्या पेनवाल्यांच्या ग्रुपवर यावरून नुसती भांडणं चाललीत," आबासाहेब म्हणाले. "चेन्नईचे एक गृहस्थ म्हणतात जपानी आहे. कोलकात्याचे म्हणतात जर्मन. मलाही जर्मनच वाटतं. इतकी सुबक नळी आणखी कुठे होणार?"

इन्शाने पेन दिव्याखाली फिरवून पाहिलं. "काका, डोळ्यांना दिसत नाही म्हणजे अक्षर गेलंच असं नाही. दाताचं घेतो तसं याचं माप घेऊन बघू?"

"डाग नाही ना पडणार?"

"तुमच्या दातांना कधी पडला का?"

तिने दोन रंगांची पुट्टी एकत्र मळली आणि हलकेच नळीवर दाबून धरली. पुट्टी घट्ट होईस्तोवर आबासाहेब दाढ विसरून तिच्या हातांकडे पाहत राहिले. तिने ती सोलून काढली, तेव्हा आतल्या बाजूला झिजलेली अक्षरं उठून आली होती, पण उलटी. इन्शाने तोंडात घालायचा छोटा आरसा त्यापुढे धरला.

"काका, हे इंग्रजी नाहीच. यातली एक रेघ म्हणजे काना आहे आणि दुसरी वेलांटी. रा... ही. राही! आणि खाली बारीक अक्षरात... अकोले."

"अकोले? आपलं अकोले?" आबासाहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, तिथे नोकरी काढली मी! सबंध तालुका मोजला आणि हे माझ्या नजरेला पडू नये?" ते इतक्या जोरात हसले की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले.

रविवारी आबासाहेबांना घेऊन इन्शाने गाडी काढली. तिलाही आता चैन पडत नव्हतं. अकोल्याच्या बाजारात एका स्टेशनरीवाल्याला विचारलं, तर पेनाचं त्याला काही माहीत नव्हतं. "पण राहीबाई आहेत की वरच्या आळीला. त्यांचे वडील कातारी होते. लाटणी, पाळण्याचे खुंट, सगळं कातून द्यायचे म्हणे."

राहीबाई ओट्यावर पावटे सोलत बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, दात मात्र पक्के. इन्शाची नजर आधी तिकडेच गेली. आबासाहेबांनी पेन पुढे केलं. म्हातारीने पदराला हात पुसले, टोपण काढलं आणि नळी नाकाशी नेली.

"तात्याचं हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो वास दुसऱ्या कशाला न्हाई. कातायच्या चरकावर ही कडक रबराची नळी तापली का घरभर असाच वास सुटायचा."

"म्हणजे तुमच्या वडिलांनी पेनाला लेकीचं नाव दिलं!" इन्शा म्हणाली.

"न्हाई गं बाई." राहीबाईंना हसू आवरेना. "आदी पेन, मग मी! निब मुंबईवरनं यायची, बाकी समदं तात्या करायचे. राही म्हंजी वाटंनं चालनारा. ह्ये पेन वाटंत थांबायचं न्हाई म्हनून त्ये नाव. पेन लई चाललं. मंग मी जलमले, तवा तात्या म्हनाले, नाव चांगलं लाभलंय, हिलाबी तेच ठिवा. मला पेनाचं नाव हाय!"

आबासाहेब ओट्यावर टेकले. म्हणाले, "आक्का, हे तुमच्या घरचं आहे. तुम्हीच ठेवा."

"आनि काय करू? पेटीत घालू? तुमी लिवताय ना त्येनं? मंग लिवा की." राहीबाईंनी पेन परत दिलं. "पर आदी मला जरा लिवू द्या. धंदा बसला तवापास्नं येकबी पेन डोळ्यानं दिसलं न्हवतं."

शेजारच्या घरातून वहीचं पान आलं, पानामागे अख्खी आळी आली. राहीबाईंनी सावकाश, ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मग शेजारणीला पुढे ओढलं. "तू बी लिव." मग तिच्या सासूला. कुणी नाव लिहिलं, कुणी गावाचं लिहिलं, एकीने नुसतं फूल काढलं.

आबासाहेब आपली पेनं घरात बायकोलाही हाताळू देत नसत. निब वाकते म्हणायचे. आज ते शाईची बाटली आणि ड्रॉपर घेऊन उभे होते आणि पेन रिकामं व्हायच्या आधीच हौसेनं भरून देत होते.

"सावकाश लिहा," ते म्हणत होते, "भरपूर शाई आहे."