खोटं मॉडेल

आमच्या पंप हाऊसचा कॉम्प्युटर माझ्या लग्नाच्याही आधीचा. सांडपाण्याच्या टाकीतला विषारी वायू मोजायला नवा सेन्सर आला आणि त्याच्यासाठी नव्या लायब्ररी बसवणं आलं. लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी तयार हत्यारंच म्हणा. बसवायला गेलो की पडद्यावर तेच तुणतुणं: ‘या यंत्रावर हे चालत नाही.’ तीन दिवस भिजत घोंगडं. बायकोचा नकार मी निमूट ऐकतो, यंत्राचा मला खपत नाही.

चौथ्या दिवशी सरळ लबाडी केली. यंत्राचं मॉडेल ज्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, तिथे नव्या मॉडेलचं नाव घातलं. सगळं गुमान बसलं. हिरवा दिवा लागला, आकडा आला: चार. दहाच्या आत असला की टाकीत उतरायला हरकत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, इथलाच फिटर. दुपारी पंपाची जाळी तुंबली म्हणून त्याने बूट चढवले.

"नीट तपासलंस ना रे?"

"हिरवा दिसतोय ना? उतर."

"आणि ठोके?"

ही आमची जुनी पद्धत. दर पाच मिनिटांनी वरच्याने पाइपवर तीन ठोके द्यायचे, खालच्याने तीन परत करायचे. नवा सेन्सर आला तेव्हा मीच या ठोक्यांची टर उडवली होती.

"आता कशाला ती टकटक? कॉम्प्युटर बघतोय की."

"तू म्हणतोस तर ठीक," म्हणत तो शिडीवरून खाली गेला. लहानपणापासून माझ्या शब्दावर तो असाच विसंबतो.

मी चहा घेऊन पडद्यासमोर बसलो. चार. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. चार. जाळी हलवली की गाळ ढवळतो, वायू थोडा तरी वाढतोच; जुन्या सेन्सरचा आकडा सारखा नाचायचा. हा ढिम्म. कॉम्प्युटरच्या मागे हात घालून मी सेन्सरची वायर उपटली.

चार. हिरवा.

म्हणजे सकाळपासून हे काही मोजतच नव्हतं. पहिला आकडा धरून बसलं होतं, आणि मी त्याच्या भरवशावर भावाला खाली धाडला होता.

भोंगा दाबला, पंपवाल्याला हाक मारली, पाना उचलून टाकीच्या तोंडाशी धावलो. पाइपवर तीन ठोके दिले आणि कान लावून थांबलो.

एक ठोका आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

पंपवाला दोर, मास्क आणि हवेची टाकी घेऊन धापा टाकत आला. "उत्तर आलं?"

"दोनच," मी म्हणालो, मास्क तोंडावर ओढला आणि शिडीवर पाय ठेवला.