सातशिंग्या दोरीवर

पोशाला भर समुद्रातल्या खडकावर चार महिने दिवा सांभाळायला जायचं होतं. तिथे एकटा पडला की हा समुद्रपक्ष्यांशी भांडणं काढील, ही त्याच्या दोस्ताला, हिराजीला, खरी काळजी. म्हणून त्याने ‘सातशिंग्या राक्षसा’चे सातही भाग पोशाला द्यायचं ठरवलं. दर भागात राक्षसाचं एक शिंग गळतं.

पण आवृत्ती कुठली द्यायची? हिराजीकडे दोन होत्या: एक जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची, दुसरी पातळ, स्वस्त कागदाची. खडकावर लाटा थेट खोलीत येतात म्हणे. तेव्हा हिराजीने सकाळीच चौदाही पुस्तकं खाऱ्या पाण्यात बुडवली आणि पोशाच्या आईच्या बोंबलांशेजारी दोरीवर टांगली.

"काकी, जी आवृत्ती आधी सुकंल ती पोशाची."

"आन् दुसरी?"

"नापास!"

दुपारी पातळ आवृत्ती पास झाली. हिराजी आनंदाने सुतळी आणायला पळाला. तेवढ्यात काकीने रोजच्या सवयीने अख्खी दोरी उतरवली, सगळं एकाच टोपलीत दाबून भरलं आणि टोपली पोशाबरोबर रेवसच्या धक्क्यावर धाडली. हिराजी पोचला तेव्हा लाँच सुटली होती.

महिन्याने पत्र आलं.

"हिऱ्या, पातळ वाचतो, जाडीवर बसतो. राजपुत्र उपाशी असला की पानाला बोंबलाचा वास येतो आन् मलाच भूक लागते. बोंबील संपलं, राक्षसाची दोन शिंगं अजून हायत. पक्षी रोज भांडायला येतात, पन मला वेळ न्हाय."