सिगारच्या खोलीतली फुलं

बाबा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने भेटायला आलेल्यांनी आणलेली सगळी फुलं उचलली आणि दुकानामागच्या सिगारच्या खोलीत नेऊन ठेवली. घरात ती माना टाकत होती, आणि फेकून द्यायला तिचा हात धजत नव्हता. सिगार सुकू नयेत म्हणून ही खोली कायम गार आणि दमट ठेवलेली. बाबांनी ती स्वतः बांधली होती: आतून प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर देवदाराच्या कोऱ्या, बिनपॉलिशच्या फळ्या, दाराला रबरी पट्टी. तिथे फुलं टिकतील, एवढंच तिला सुचलं.

टिकली, पण वास सोडत टिकली. आठवड्याने काकांनी दुकान उघडलं. दोघा भावांचा धंदा तो. त्यांनी फळीवरची एक सिगार नाकाशी धरली आणि परत ठेवून दिली.

"अत्तराचं दुकान काढलंस की काय, बये?"

"काका, मला वाटलं..."

"तंबाखू शेजाऱ्याचा वास उचलतो गं. तुझी आई केसांना तेल लावून आली, तर दादा तिला दारातूनच परत पाठवायचा. विसरलीस?"

विसरली नव्हती. त्या दिवशी मात्र आठवलं नव्हतं.

"माल गेला तो गेला," काका म्हणाले. "खोली वाचवायची तर फळ्या घासायला हव्यात. दार सताड उघडं ठेवून, सगळा वास निघेस्तोवर."

"सगळा?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. फुलांच्या वासाखाली दुसराही वास होता. लाकडाचा, पानाचा, बाबांच्या कोटाचा. त्यांचे घरचे कपडे आईने धुऊन घड्या करून ठेवले होते. बाबा उरले होते ते या वासात, एवढेच.

"नाही घासल्या तर?"

"तर ही खोली तुझी. ये, बस, कोण अडवतंय? सिगार मात्र इथे ठेवता येणार नाहीत."

ते टोमणा मारत नव्हते.

आजी गेली, त्या दिवशीही बाबा मधेच उठून खोलीतल्या ओलाव्याच्या भांड्यांत पाणी भरायला आले होते. तिने तेव्हा त्यांच्याशी अबोला धरला होता. "घरात काय झालंय ते खोलीला कळत नाही, बाळा," एवढंच ते म्हणाले होते, आणि ओलाव्याचा काटा बघत उभे राहिले होते.

तिने काचपेपर घेतला आणि दारापासून सुरुवात केली. लाकूड घासताच आधी वास दुप्पट झाला. बाबा खोली बांधत असताना भुशाने माखून घरी येत तेव्हा यायचा तसा. ती थांबली नाही. दुपार कलेपर्यंत तो विरत गेला. बाहेरची हवा आत आली, कुठल्याच वासाची नव्हती ती.

"दमलीस," काका म्हणाले. "मागची भिंत उद्या करू."

"नको काका," ती फळीवरून हात न उचलता म्हणाली. "उद्या मला जमायचं नाही."

काकांनी अंगातला कोट खुंटीला लावला, आणि दुसरा काचपेपर घेऊन तिच्या शेजारी उकिडवे बसले.